किनारा राखणाऱ्याचा वाटा

खानापूर तालुक्यातल्या एका तरुण मंडळाने विचारलं आहे: "चार वर्षं झाली, आम्ही डिसेंबरात गाडी करून कारवारला जातो, किनाऱ्यावरचं प्लास्टिक गोळा करतो, फोटो काढतो, परत येतो. आवंदा आमच्यातल्या एका मुलीने विचारलं, याने समुद्राचं नेमकं काय भलं होतं? कुणालाच उत्तर देता आलं नाही. किनाऱ्यावर लोकसहभागातून संवर्धन होतं म्हणतात, ते प्रत्यक्षात कसं चालतं? आणि इतक्या लांब राहणाऱ्यांनी त्यात शिरावं का?"

त्या मुलीला आधी शाबासकी द्या. माझं घर बेळगावात, पण कामाची सत्तावीस वर्षं गेली वेंगुर्ल्यापासून कुमठ्यापर्यंतच्या मच्छीमार सोसायट्या आणि बायकांचे बचत गट यांच्यात. तिचा प्रश्न मला पडायलाच दहा वर्षं लागली होती.

प्लास्टिक उचलता ते उचला, त्यात वाईट काही नाही. पण लोकसहभाग म्हणतात तो हा नाही. आणि सरकारी कागदावर ज्याला लोकसहभाग म्हणतात, तोही बहुतेक वेळा तो नसतो. माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. एका खाडीकाठच्या गावात कांदळवन लावायचं होतं. रोपं आली, मजुरी आली, बॅनर आला. गावाची बैठक घेतली, सत्तर-ऐंशी सह्या झाल्या, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या गाळाच्या पट्ट्यावर आम्ही ओळीने रोपं लावली. दुसऱ्या वर्षी एक म्हातारी मला रस्त्यात अडवून म्हणाली, "तू लावलंस ते आमच्या तिसऱ्यांवर लावलंस." खरंच, तोच पट्टा त्या वाडीतल्या बायकांच्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायचा होता. बैठक दुपारी चारला होती आणि त्या दिवशी ओहोटीही चारलाच. त्या सगळ्याजणी गाळात होत्या आणि सह्या केल्या त्या पुरुषांनी. सहभागाचा अहवाल मात्र झकास झाला. तेव्हापासून मी बैठकीची वेळ ठरवण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघतो.

लोकांनी खरोखर समुद्र कसा वाटून घेतला होता हे बघायचं तर रापण बघा. आता ती मालवण-वेंगुर्ल्याकडे थोडीफार उरली आहे. होडीतून जाळं अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि पन्नास-साठ माणसं मिळून ओढतात. ओढलेल्या मासळीचे वाटे ठरलेले: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्याचा, देवाचा. आयत्या वेळी येऊन दोराला हात लावणाराही रिकामा जात नाही. कुठल्या रापणीने कुठे आणि कोणाच्या पाळीला जाळं टाकायचं हेही ठरलेलं, त्यामुळे एकच पट्टा सगळ्यांनी एका दिवशी खरवडून काढायचा प्रश्न येत नसे. कोणी याला संवर्धन म्हणत नव्हतं. पण संवर्धनाला जे लागतं ते सगळं त्यात होतं: हद्द, पाळी, वाटा, आणि नियम मोडला तर जाब विचारणारे लोक. सामाईक संपत्तीची राखण लोक स्वतः कशी करतात यावरच्या कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी जगभरची उदाहरणं तपासून जे मांडलं, त्यातलं बरंचसं आमचे रापणकर तोंडपाठ सांगतील.

मग ते मोडलं का? कारवारपासून मंगळूरपर्यंत हीच रापण, तिकडे रंपणी म्हणतात, १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जोरात होती. मग पर्ससीन जाळी आली. बांगडा आणि तारलीचा थवा किनाऱ्याला लागण्याआधीच खोल पाण्यात गुंडाळला जाऊ लागला, आणि थोड्याच वर्षांत रंपणी संपली. गोव्यात त्याच दशकात रापणकार रस्त्यावर उतरले, कारण ट्रॉलर त्यांच्या दारातलं पाणी ढवळत होते. सागरी मासेमारीचे राज्यांचे कायदे त्यानंतर आले: गोव्याचा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा, कर्नाटकाचा १९८६ चा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द, त्यातला किनाऱ्यालगतचा पट्टा छोट्या मच्छीमारांसाठी, अशी ती रचना. कागदावर चांगली आहे. पण रात्री आलेल्या हायस्पीड ट्रॉलरला अडवायला गस्तीची एखादीच बोट, आणि तीही पुष्कळदा दुरुस्तीला. मालवणचा मच्छीमार कर्नाटकातल्या मलपीच्या ट्रॉलरच्या नावाने बोटं मोडतो, आणि मी बेळगावचा म्हटल्यावर माझ्याकडेही जरा तिरकंच बघतो. एलईडी दिवे लावून मासळी ओढण्यावर केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरात बंदी घातली. समुद्रात रात्री दिवे अजून दिसतात.

यातून मी एकच गोष्ट शिकलो आणि गेली पंधरा वर्षं तीच सांगत फिरतो. राखणाऱ्याला राखलेल्याचा वाटा मिळणार असेल आणि बाहेरच्याला अडवायचा हक्क असेल, तरच माणूस राखतो. नाहीतर "सहभागी व्हा" म्हणणं म्हणजे वेठबिगारी झाली. आज मी छोटी मासळी सोडली आणि उद्या ती दुसऱ्याच्या जाळ्यात गेली, तर मी मूर्ख ठरतो. ही गोष्ट मच्छीमाराला कोणी शिकवावी लागत नाही.

मालवणचंच घ्या. १९८७ साली तिथे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. प्रवाळ, शेवाळं, मासळी, सगळं राखण्याजोगं होतंच. पण विचारलं कोणाला? रापणीची जागा, होड्या लावायची जागा, गळ टाकायचे खडक, सगळं त्या हद्दीत. लोकांनी विरोध केला आणि ते अभयारण्य कित्येक वर्षं मुख्यतः नकाशातच राहिलं. त्याच सिंधुदुर्गात पुढे एका प्रकल्पात ट्रॉलरवाल्यांशी बोलून जाळ्याच्या शेवटच्या खोळीला चौकोनी डोळ्यांचं, ४० मिलिमीटरचं जाळं लावून बघितलं गेलं. नेहमीच्या जाळ्याचे डोळे ओढताना ताण पडून मिटतात, चौकोनी डोळे उघडे राहतात, आणि पिल्लं निसटून जातात. ट्रॉलरमालकांना पटलं ते वेगळ्याच कारणाने. जाळं ओढायला हलकं, म्हणून डिझेल कमी लागतं, आणि डेकवर कचरा-मासळी निवडत बसायची वेळ वाचते. माशाच्या पिल्लांवर माझं तासभराचं भाषण ऐकून एक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, जांभई देत म्हणाला होता, "डिझेलचं बोला की." त्यानंतर मी डिझेलपासूनच सुरुवात करायला लागलो.

दुसरं उदाहरण. जाळ्यात कासव किंवा देवमासा, म्हणजे तो मोठा ठिपक्याठिपक्यांचा बहिरी मासा (व्हेल शार्क), अडकला तर सोडवायला जाळं कापावं लागतं. जाळं मच्छीमाराचं, कासव सगळ्या जगाचं, आणि नुकसान एकट्याने सोसायचं? महाराष्ट्राने २०१८ च्या डिसेंबरापासून अशा वेळी जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायला सुरुवात केली. जाळं कापतानाचा फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचा. माझ्या मते किनाऱ्यावरच्या कुठल्याही जनजागृती मोहिमेपेक्षा ही योजना भारी. पैसे हातात पडायला वेळ लागतो ही तक्रार आहे, ती खरी आहे.

वेळासची कासवं तुम्ही ऐकली असतीलच. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांची राखण सुरू केली. तोवर अंडी खणून खाल्ली जात, विकली जात. गावातलीच माणसं राखणीला बसली. घरटी कुंपणात हलवायची, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. पण ते टिकलं ते नंतर कासव महोत्सव सुरू झाला म्हणून. पिल्लं बघायला येणारे लोक गावातल्याच घरात राहू लागले, मोदक-आमटी खाऊ लागले, आणि त्याचे पैसे त्याच गावात राहिले. हॉटेलवाला बाहेरून आला असता तर कासव वाचलं असतं की नाही, शंकाच आहे.

गोड गोष्टीच सांगितल्या तर तुमची फसवणूक होईल, म्हणून गोव्याच्या खाजणांचंही सांगतो. खाडीकाठची खारी जमीन बांध घालून भातासाठी राखलेली. भरतीचं पाणी आत घ्यायला-सोडायला लाकडी दारं, त्यांना मानस म्हणतात. शेकडो वर्षं गावाने बांध राखला, बिगारीने दुरुस्त केला. मानशीतून येणाऱ्या मासळीचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. आता कूळकायद्यानंतर शेत कसणारे वेगळे, लिलाव घेणारा वेगळा, बांधाचा मालक कोण हे कोर्टात. लिलाव घेतलेला माणूस जास्त कोळंबीसाठी दार जरा जास्त वेळ उघडं ठेवतो, खारं पाणी शेतात शिरतं, शेत पडीक पडतं, मग पडीक शेतात मासळी छान होते म्हणून त्याचंच भलं. गाव तेच, लोक तेच, समितीही आहे, तरी वाट लागली. "लोकांच्या हाती द्या म्हणजे सगळं ठीक होईल" असं म्हणणाऱ्याला मी ही मानस दाखवायला नेतो. कोणत्या लोकांच्या, कोणत्या वाट्यासकट, हे ठरल्याशिवाय काही ठीक होत नाही.

कायद्याचं थोडक्यात. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत देशातले काही अतिनाजूक पट्टे नावाने नोंदले, ज्यांचं व्यवस्थापन मच्छीमारांसह स्थानिक लोकांना घेऊन व्हावं असं लिहिलं. त्यात महाराष्ट्रातलं मालवण आणि आचरा-रत्नागिरी आहे, आणि कर्नाटकातलं कारवार व कुंदापूर. म्हणजे तुम्ही डिसेंबरात जिथे पिशव्या भरता, तो किनारा कागदावर लोकांना घेऊनच सांभाळायचा आहे. कारवारातल्या बैतकोलच्या जेट्टीवर दहा जणांना विचारा, किती जणांना ठाऊक आहे. मला दोघे भेटले, त्यातला एक वकील.

आता तुमच्याकडे वळतो. "आम्ही समुद्रापासून लांब" हे मला पूर्ण पटत नाही. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, कुडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. त्याच तालुक्यात देगावकडे म्हादई निघते आणि गोव्यात मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात शिरते. एकाच तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना जातं. कणकुंबीच्या मौलीच्या देवळाच्या आवारात उभं राहून याचा विचार करा एकदा.

वरच्या पाण्याचं खाली काय होतं हे बघायला उत्तर कन्नडातल्या दोन नद्या पुरतात. शरावतीवर १९६४ साली लिंगनमक्की धरण झालं. वीज करताना सोडलेलं गोडं पाणी बारा महिने खाडीत येत राहतं, उन्हाळ्यातही खाडी हवी तेवढी खारी होत नाही, आणि शिंपल्यांना तर तो खारेपणाच लागतो. शेजारच्या अघनाशिनीवर धरण नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी दोन्ही खाड्या ताडून बघितल्या: अघनाशिनीत शिंपल्यांची रेलचेल, त्यावर कितीतरी घरांची चूल, शरावतीत ते जवळजवळ दिसेनासे. अघनाशिनीची खाडी २०२४ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. तिथल्या खाडीकाठच्या गझनी जमिनीत कग्गा नावाचं खारं पाणी सोसणारं भात अजून पिकतं, आणि बायका ओहोटीला शिंपल्या काढतात. सत्तावीस वर्षांत मी पाहिलेली सगळ्यात श्रीमंत खाडी तीच.

म्हादईच्या पाणीवाटपाचा वाद तुमच्या चहाच्या टपरीवर रोज चालतो, त्यात मी तेल ओतणार नाही. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी असं वाटप केलं. पुढचं सगळं सर्वोच्च न्यायालयात आहे. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी लागतं हे मला मान्य आहे. फक्त एवढंच म्हणतो, की टीएमसीचा हिशोब करताना "किती" बरोबर "केव्हा" हेही विचारा. खाडीला पावसात पूर लागतो आणि उन्हाळ्यात खारेपणा. वर्षाची बेरीज तेवढीच राहिली तरी महिने बदलले की शिंपला मरतो.

पण यापेक्षा जवळचं, तुमच्याच हातातलं काम सांगतो. समुद्रात पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांना बंदी असते, कारण बरीचशी मासळी त्या सुमारास अंड्यावर असते. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण काय करतो? पहिला पाऊस पडला, ओढे वाहू लागले, की बॅटरी आणि कोयता घेऊन चढणीचे मासे मारायला निघतो. अंड्यांनी पोट फुगलेले मासे, प्रवाहाविरुद्ध शेताच्या चरापर्यंत चढून येतात, आणि आपण पोतं भरतो. मीही लहानपणी भरलंय, आणि ती चव विसरलेलो नाही. मच्छीमाराला बंदी पाळ म्हणायला आपण घाट उतरून जायचं आणि घरी हे, असं कसं चालेल?

बंदी घाला म्हणत नाही. ती कोणी पाळणार नाही. गावाने बसून ठरवा: अमुक ओढा राखलेला, तमुक ओढ्यात मारा, पहिले आठ-दहा दिवस कोणीच नाही, राखलेल्या डोहात जाळं नाही. महाड तालुक्यात वाळणकोंडीचा डोह देवीच्या नावाने राखलेला आहे. तिथले महासीर मासे माणसाच्या हाताजवळ येतात, कोणी मारत नाही. आपल्याकडे देवराया आहेत, तशी देवकोंड ठेवायला कोणाची परवानगी लागते? ब्लीचिंग पावडर, जिलेटिन आणि करंट यांना मात्र तडजोड नको. एक डबा ब्लीचिंग पावडर मैलभर ओढा साफ करते, पिल्लांसकट, खेकड्यांसकट. ते करणारा गावातलाच असतो आणि सगळ्यांना माहीत असतो. त्याला थांबवता आलं तर तुम्हाला लोकसहभागाचं अर्धं शिक्षण तिथेच मिळेल, आणि कारवारच्या माणसाला बाहेरचा ट्रॉलर अडवताना काय वाटतं तेही कळेल.

त्यात अहीर लक्षात ठेवा. सापासारखा लांब, डोहातल्या कपारीत बसणारा. हा मासा समुद्रात जन्मतो, बोटाएवढा असताना नदीत चढतो, वर्षानुवर्षं इथे वाढतो आणि अंडी घालायला परत समुद्रात जातो. तुमच्या डोहातला मोठा अहीर मारला की समुद्रातला एक पाहुणा कमी होतो. घाटावरचा माणूस आणि समुद्र यांचं याहून सरळ नातं मला माहीत नाही.

हक्काची बाजूही सोडू नका. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये पाणवठ्यांतली मासळी स्पष्ट लिहिली आहे. जंगलालगतच्या गावांनी जळण आणि मध एवढाच दावा लावला, मासळी विसरली. भीमगड अभयारण्याच्या कडेच्या वाड्यांनी तर हे आवर्जून बघावं. ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, २००२ च्या कायद्याने. बहुतेक ठिकाणी तिची नोंदवही बाहेरच्या कोणी तरी भरलेली असते. ती मागवा. आपल्या ओढ्यातल्या माशांची मराठी-कन्नड नावं तिच्यात आहेत का बघा. नसतील तर म्हाताऱ्या माणसांजवळ बसून लिहा. कागद कन्नडात येतो म्हणून तो बाजूला टाकायची सवय आपल्याकडे आहे, ती महागात पडते. मंडळात कन्नड वाचणारी दोन मुलं तयार करा आणि अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्या. भाषेचा अभिमान अर्जाच्या पावतीत अडकवू नका.

बाजाराचंही एक. बेळगावात बांगडा कारवार, गोवा, वेंगुर्ल्याहून घाट चढून येतो. आपण खातो म्हणून तो पकडला जातो. बांगडा किमान १४ सेंटिमीटरचा आणि तारली १० सेंटिमीटरची झाल्याशिवाय पकडू नये, असं माप केरळने २०१५ साली लावलं. टेपची गरज नाही. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या मधल्या पेरापर्यंत भरत नाही तो बांगडा घेऊ नका. मासळीवालीशी भांडू नका, तिने तो जाळ्यात घातलेला नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी "लहान नको, मोठा कधी येईल?" असं विचारलं की ती पहाटे टेम्पोवाल्याला तेच विचारते. हे मी आमच्या बाजारात होताना बघितलं आहे, बारीक बांगडा दोन आठवडे कमी आला. मग श्रावण लागला आणि प्रयोग थांबला.

डिसेंबरची कारवारची फेरी बंद करू नका. फक्त पिशव्यांऐवजी वही न्या. एक दिवस जेट्टीवर, एक दिवस काळी नदीच्या मुखाशी तिसऱ्या काढणाऱ्या बायकांबरोबर. गाबीत, खार्वी, हरिकंत्र, ज्याच्या घरी बसाल त्याला विचारा: इथे आधी कोणाची पाळी असायची, आता कोण येतं, होडी लावायची जागा कुठे गेली, वाळू कोण उपसतं. कोकणी तुम्हाला समजेल, मराठी त्यांना समजेल. ओहोटीची वेळ आधी बघून जा.

आणि चढणीच्या माशांची बैठक मे महिन्यातच घ्या, पाऊस पडल्यावर कोणी ऐकत नाही. मी येतो. जेवणात मासे नकोत, वांग्याची भाजी आणि भाकरी पुरे.